दोघींचा खुंटा

तापेऱ्याची विहीर श्वास घेते, हे गावातल्या आठ बायकांना ठाऊक होतं. यंत्राला ठाऊक नव्हतं, आणि यंत्र बसवायला आलेल्या माणसांना तर नव्हतंच.

विहीर म्हणजे रहाट-दोराची नव्हे. हंड्याच्या तोंडाएवढी रुंद आणि खोल म्हणाल तर दोन किलोमीटर. कोकणात खाडीच्या कडेकडेनं ऊन पाण्याची कुंडं आहेत. माणसं त्यात बुडी मारतात आणि कंबरदुखी तिथंच सोडून घरी जातात. तापेऱ्याच्या कुंडामागच्या कातळात दोन हजार तेहेतीस साली हे छिद्र पाडलं, आणि भुईच्या पोटातलं, आधणाहून ऊन पाणी वर आलं. ते पाणी स्वतः चक्र फिरवत नाही. ते आपली ऊब एका दुसऱ्या द्रवाला देतं. हा द्रव पेट्रोलच्या भावकीतला, जरा ऊब लागली की वाफ होणारा. त्याची वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्राला फिरवतं, आणि निवलेलं पाणी दुसऱ्या छिद्रातून पुन्हा भुईत जातं. घेतलं तेवढं परत दिलं, म्हणून कुंड कधी आटलं नाही.

जनित्राचं मात्र एक खूळ असतं. त्याला एकाच गतीनं फिरायचं असतं. गती वाढली तरी बिघाड, उतरली तरी बिघाड. म्हणून वाफेच्या व्हॉल्व्हवर एक राखणदार बसवलेला असतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. गाडीवानाच्या हातात कासरा असतो, तसा याच्या हातात व्हॉल्व्ह. वाफ जास्त झाली की आवळायचा, कमी झाली की सैल सोडायचा. तापेऱ्याचा गव्हर्नर एकतीस वर्षांचा होता. लोखंडी कपाटात हिरव्या कार्डांची चळत, आणि ती कार्डं आता जगात कुणी बनवत नव्हतं. शेवटचं राखीव कार्ड चैत्रात वापरून झालं होतं. म्हणून जुनं कपाट काढून नवं बसवायचं ठरलं. नवं कपाट स्वतः शिकणारं होतं. जुन्या नोंदी वाचायच्या, विहिरीचा स्वभाव ओळखायचा, आणि मग कासरा हाती घ्यायचा.

द्वारका शिगवण त्या जुन्या कपाटापुढे एकतीस वर्षं उभी राहिली होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. कपाट आणि ती बरोबरच म्हातारी झाली, असं ती हसत म्हणायची. पण नव्या कपाटाची पेटी ट्रकमधून उतरली, त्या दिवशी ती हसली नव्हती.

दुसरी चाचणी आषाढातल्या एका सकाळी झाली. तेजल वानखडे, अमरावतीची इंजिनीअर, पडद्यापुढे वाकून उभी होती. कासरा नव्या कपाटाच्या हातात दिला होता. गतीची हिरवी रेघ तासभर सरळ चालली. मग खाडीला भरती लागली, आणि रेघेनं एक वेलांटी घेतली. मग दुसरी, मोठी.

"धर, धर," तेजल यंत्राला म्हणाली.

यंत्र धरायला गेलं, पण उशिरा. व्हॉल्व्ह आवळला तेव्हा उमाळा ओसरून गेला होता. सैल सोडला तेव्हा पुढचा येऊन ठेपला होता. पाचव्या वेलांटीला ब्रेकर पडला, वीज तुटली. टर्बाइनचा आवाज उतरत उतरत थांबला आणि बाहेरचे कावळे ऐकू यायला लागले.

"काऊन असं करते ही?" तेजल खुर्चीत बसली. "काकू, तुम्ही नोंदी पाहा. सुरुवातीचे नवेपणाचे काही महिने सोडले, तर एकतीस वर्षं, दर सेकंदाची नोंद. एवढी गरीब विहीर मी दुसरी पाहिली नाही. त्याच नोंदींवर मी याला शिकवलं. आणि याच्या हाती दिली की उधळते."

द्वारकानं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "नवा हात ओळखत नसेल गो."

"विहिरीला कसला आलाय हात?"

द्वारकानं जुन्या कपाटाच्या हाती टर्बाइन पुन्हा गतीला आणलं, ब्रेकर चढवला, आणि उजवा हात कपाटाच्या खालच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर नेला. पदर सावरावा इतक्या सहज. तेजल पडद्याकडे पाहत होती. रेघ पुन्हा सरळ चालायला लागली.

"पाहा," तेजल चिडून म्हणाली. "म्हाताऱ्यापुढं कशी शहाण्यासारखी वागते."

दुपारी केंद्राचे मॅनेजर मुळ्येसाहेब आले. ते भले गृहस्थ होते, पण वाईट बातमी सांगायची असली की चष्मा पुसायचे. आज पुसत पुसतच आत आले.

"वरून पत्र आलंय. पुढच्या पुनवेला, उधाणाच्या भरतीत तिसरी चाचणी. नाही जमली, तर केंद्र बंद. जुन्याचा भरवसा नाही, नव्याला जमत नाही. विहिरीत सिमेंट ओतून तोंड बुजवायचं."

"आणि कुंड?" द्वारकानं विचारलं.

"कुंडाचं कुणी काही लिहिलेलं नाही, द्वारकाबाई." त्यांनी भिंतीवरच्या पितळी पाटीकडे पाहिलं. 'स्वयंचलित नियंत्रणाखाली अखंड सेवा. एकदाही बेकाबू नाही.' पाटीखाली हार घातलेला एक फोटो होता. सिंधू शिगवण, केंद्राची पहिली ऑपरेटर, द्वारकाची थोरली जाऊ. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. "आज सिंधूबाई असत्या, तर त्यांनी तरी काही सांगितलं असतं."

सिंधूबाय काय बोलली असती ते द्वारकाला पक्कं ठाऊक होतं. तोंड मिटून राहिली असती, आणि तिलाही मिटायला लावलं असतं.

*

द्वारका तापेऱ्यात नवरी होऊन आली तेव्हा पंचविशीची होती; आयटीआयची इलेक्ट्रिशियन. घरात पाऊल टाकलं त्याच आठवड्यात चुलत नणंदेचं लग्न होतं आणि हळद दळायची होती. एरवी माळ्यावर पडलेलं जातं लग्नापुरतं खाली येतं. थोरल्या जावेनं तिला समोर बसवलं. जात्याला खुंटा एकच. त्यावर खाली सिंधूबायचा हात, वर हिचा.

"ओढू नको. नुसता धर," सिंधूबाय म्हणाली. "ओवी मी म्हणते. चौथा चरण सरला की मी हात सैल सोडीन. तिथं तू धरायचं आणि पुढची ओवी तू म्हणायची. मध्ये जातं थांबता नये, आणि घाई पण करता नये. माझा हात सुटायचा आणि तुझा यायचा, तेवढी फट राहू दे. त्या फटीत जातं आपलं आपण फिरतं."

तिनं सूर लावला:

*भुईच्या गं पोटातला*
*ऊन ऊन गं उमाळा,*
*सोसून वर आला*
*तवा गावाला उजाळा.*

"ही कुठली ओवी? मी नाय कधी ऐकली," द्वारका म्हणाली.

"कामावर सुचली. तिकडं दुसरं काय करायचं? काटे बघत बसायचं."

दोन महिन्यांनी द्वारकाही कामाला लागली, आणि ओवी का सुचली ते तिला कळलं. त्या दिवसांत केंद्र नवं होतं आणि भरतीच्या वेळी रोज बंद पडायचं. मोठमोठे लोक येऊन हात टेकून जायचे. सिंधूबाय नोंदी लिहिताना गुणगुणायची. तिच्या असं ध्यानात आलं, की काटा उडायच्या आधी लांबच्या पाइपात एक हुंकार येतो. म्हशीनं पाणी पिऊन नाकातून सोडावा तसा. हुंकाराला ओवी सुरू केली की चौथ्या चरणाला काटा उडतो. रोज. चुकत नाही. भरती चढत असली की ओवी जलद म्हणायची, दळणाच्या चालीवर. ओहोटीला सावकाश, पाळण्याच्या चालीवर.

पुढं द्वारकानं वाचून काढलं, तेव्हा तिला त्यातलं शास्त्रही उमगलं. भरतीला खाडीच्या पाण्याचं ओझं कातळावर पडतं. कातळाच्या फटी आवळतात, खालचं ऊन पाणी दाबलं जातं आणि सलग न येता उमाळ्याउमाळ्यानं येतं. पाइपात त्याचा आवाज आधी पोचतो, ऊब मागून. गव्हर्नरला आवाज ऐकू येत नाही. तो ऊब पोचल्यावर जागा होतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

कपाटाच्या तळाशी हातानं गती सावरायची एक मूठ होती. तिला शिशाचं सील लावलेलं होतं. त्या वेळच्या साहेबानं सांगितलं होतं, "आता यंत्र शहाणं आहे. इथं कुणी हात लावला तर दुसऱ्या दिवशी घरी." एका भरतीला सिंधूबायनं केसांतला आकडा काढला आणि सील उचकटलं. हुंकार आला. तिनं ओवी धरली, तिसऱ्या चरणाला मूठ हळूच आवळली, चौथा सरताना सोडली. रेघ हलली नाही.

त्या दिवशी केंद्र बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी साहेबानं पेढे वाटले. आपलं यंत्र शिकलं असं त्याला वाटलं. "वाटू दे," सिंधूबाय पेढा खात म्हणाली. "गोड आहे."

मग तिनं तिन्ही शिफ्टच्या बायकांना मूठ शिकवली. जी मुंबईला गेली, तिच्या जागी आलेलीला शिकवली. आणि प्रत्येकीला कुंडावर नेऊन ऊन पाण्यात हात घालून शपथ घ्यायला लावली: कुणाला सांगायचं नाही, एकीचं नाव फुटलं तर आठ जणींची चूल विझेल. ती मूठ तारेनं थेट व्हॉल्व्हला जोडलेली होती. नोंदी ठेवणाऱ्या यंत्राला तिची गंधवार्ता नव्हती. त्यानं तेव्हापासून फक्त एवढंच लिहून ठेवलं: विहीर शांत.

सिंधूबाय आणि द्वारका एका शिफ्टला असल्या की मूठ दोघींची असायची. एक ओवी हिची, एक तिची. मध्ये ती फट. कपाटापुढे दोन खुर्च्या, गुडघ्याला गुडघा. घरातल्या सगळ्या कुरबुरी, कुणी आमसुलं जास्त उन्हात ठेवली आणि कुणाच्या नवऱ्यानं फोन केला नाही, त्या खुर्च्यांवर बोलून संपायच्या. चार वर्षांपूर्वी एक खुर्ची रिकामी झाली. द्वारकानं ती हलवू दिली नाही.

*

पत्र आलं त्या संध्याकाळी ती कुंडावर गेली. उरलेल्या सात जणी आधीच येऊन बसल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं.

"तू थोरली," त्यांतली सुगंधा म्हणाली. "तू सांगशील ते."

"सांगितलं तर सिंधूबायचं नाव जाईल. पाटी जाईल. आपल्यालाही विचारतील."

"आणि नाय सांगितलं तर?"

द्वारकानं पाण्यात हात घातला. पाणी होतं तसंच होतं. तिच्या लग्नातलं, सिंधूबायच्या शपथेतलं. सिमेंट ओतल्यावर ते कसं असेल याचा विचार तिनं करून पाहिला आणि तो तिला करवला नाही.

"बाय," ती पाण्यालाच म्हणाली, "मोडते गो तुझी शपथ."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी तिनं तेजलला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. चार वर्षांत त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. तिनं तेजलचा हात धरून कपाटाच्या तळाशी नेला. मूठ एका बाजूला गुळगुळीत झिजलेली होती.

"हे काय?"

"ऐक आधी." हुंकार आला. द्वारकानं ओवी म्हटली, मूठ आवळली, सोडली. "आता मी हात काढते. तू रेघ बघ."

पुढच्या हुंकाराला रेघेनं वेलांटी घेतली. तिसऱ्याला मोठी. द्वारकानं पुन्हा मूठ धरली तेव्हा ती निवली.

तेजलनं मुठीची झिजलेली बाजू चाचपून पाहिली. मग म्हणाली, "दोन महिने, काकू. दोन महिने मी इथं डोकं फोडून घेऊन राहिले, आणि तुम्ही मला चहा देत होत्या."

"चहा बरा होता ना?"

तेजलला राग आवरेना आणि हसूही आवरेना. "पोर शांत आहे, पोर शांत आहे, असं मी लिहून घेत होते. पाळण्याची दोरी कुणाच्या हातात आहे ते पाहिलंच नाही. सगळ्या नोंदी पाळणा हलता असतानाच्या." ती उठली. "हे मुळ्येसाहेबांना सांगावं लागेल. मुठीवर सेन्सर बसवायला त्यांची सही लागते."

मुळ्येसाहेबांनी उभ्यानंच ऐकलं. चष्मा पुसला. "सील कुणी तोडलं?"

रात्रभर द्वारकानं या प्रश्नाचं उत्तर 'मी' असं घोकलं होतं. जिवंत माणसानं अंगावर घ्यावं, गेलेल्याचं नाव राहावं. पण तोंड उघडल्यावर तिला दिसलं, की सीलाबरोबर ती ओवीही आपल्या नावावर चढेल. तो हुंकार पहिल्यांदा ऐकणारा कानही.

"सिंधूबायनं," ती म्हणाली. "केसांतल्या आकड्यानं. हात तिचा होता, साहेब. आम्ही नुसता धरला."

"याची चौकशी होईल. मला कळवावं लागेल."

"कळवा."

आठवड्यानं कागद आला. पाटी उतरवली. नियम मोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा फोटो कार्यालयात नको, असंही त्यात होतं. मुळ्येसाहेबांनी स्वतः फोटो काढला, हार काढून बाजूला ठेवला, काच रुमालानं पुसली आणि द्वारकाच्या हातात दिला. "घरी लावा," एवढंच म्हणाले. आठही जणींना ताकीद मिळाली, आणि द्वारकाला चाचणीनंतर लगेच निवृत्ती. भिंतीवर एक चौकोन उरला, बाकी रंगापेक्षा उजळ.

*

मुठीवर सेन्सर बसला, पाइपावर आवाज टिपणारा कान बसला. एकवीस दिवस द्वारका भरतीला बसायची आणि यंत्र तिच्याकडून शिकायचं. तेजल शेजारी. तिला ओव्या पाठ होत चालल्या.

*तापल्या गं पाण्याला*
*नको घालू बाई हाक,*
*येईल आपसूक*
*धरणीचा त्याला धाक.*

"तुमचा आवाज नको आहे त्याला, काकू," तेजल एकदा म्हणाली. "त्याला फक्त हात हवा."

"आवाजाशिवाय हात चालत नाय माझा."

दिवसागणिक यंत्र हुशार होत गेलं. पहिल्या आठवड्यात ते तिच्या मागून यायचं, दुसऱ्यात बरोबर, तिसऱ्यात कधीकधी तिची बोटं हलायच्या आधी पडद्यावर तिचाच आकडा उमटायचा. द्वारकाला आपला हात हलका हलका होत गेल्यासारखा वाटायचा, जात्यातले शेवटचे दाणे संपत आल्यावर वाटतो तसा.

पुनवेच्या आदल्या दिवशी तेजलनं तिला पडद्यापाशी बोलावलं. "एक गोष्ट समजत नाही मला. हे पाहा. चौथा चरण संपला की तुमचा हात सुटतो. पावणेदोन सेकंद. मूठ मोकळी. दर दुसऱ्या ओवीला, एकवीस दिवस, एकदाही चुकलं नाही. दमता का?"

द्वारकानं रेघेकडे पाहिलं. डोंगरासारख्या चढ-उतारांमध्ये छोट्या छोट्या सपाट पायऱ्या. तिला स्वतःलाच हे ठाऊक नव्हतं.

"तिथं सिंधूबाय धरते," ती म्हणाली.

तेजलनं दुसऱ्या खुर्चीकडे वळून पाहिलं.

"म्हणजे धरायची. माझी ओवी सरली की तिची. मी हात सोडायचा, तिनं घ्यायचा." तिनं पदरानं नाक पुसलं. "चार वर्षं झाली तरी सोडतेच आहे की काय मी."

"यंत्रानं तेही उचललंय," तेजल हळूच म्हणाली. "त्यानं विहिरीला नुकसान नाही. पण फायदाही नाही. माझ्या आकडेमोडीत ते कुठंच बसत नाही. उद्याच्या आत साफ करायचा नियम आहे. बिनकामाचं काही आत ठेवता येत नाही."

द्वारका उठली. तिला खूप काही मागावंसं वाटलं, मागितलं नाही. एकदा एकीला नियम मोडावा लागला होता, आणि तिचं काय झालं ते भिंतीवरच्या उजळ चौकोनात दिसत होतं.

"तुझं काम आहे, पोरी. तू ठरव."

पुनवेला भरती बाराच्या सुमाराला चढली. खाडी बांधाला टेकली. मुळ्येसाहेब, वरून आलेले दोघं तपासणीस, दाराशी सात बायका. तेजलनं जुनं कपाट बंद केलं. एकतीस वर्षांची घरघर थांबली. कासरा नव्या कपाटाकडे गेला. त्याला मूठ नव्हती. द्वारकानं रिकामे हात मांडीवर ठेवले.

हुंकार आला. खोलीत कुणी हललं नाही. द्वारकाच्या ओठांत ओवी आली. तिसरा चरण: व्हॉल्व्हचा काटा आवळला. चौथा सरताना सैल झाला. हिरवी रेघ सरळ. दुसरा हुंकार, मोठा, उधाणाचा. रेघ सरळ. एक तपासणीस दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि मुळ्येसाहेबांनी पहिल्यांदाच चष्मा पुसायच्या ऐवजी नाकावर घट्ट बसवला.

द्वारका रेघेकडे पाहत नव्हती. ती व्हॉल्व्हच्या काट्याकडे पाहत होती. चौथा चरण संपला. काटा जागच्या जागी थांबला. एक. पावणेदोन. मग पुन्हा हलला, जरा वेगळ्या सुरुवातीनं, दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्यासारखा.

तिनं तेजलकडे पाहिलं. तेजल पडद्यावर काहीतरी फार महत्त्वाचं वाचण्यात गुंतली होती.

*

आता द्वारका घरीच असते. सिंधूबायचा फोटो चुलीसमोरच्या भिंतीवर आहे, धूर लागतो तरी. तापेऱ्याची वीज आधी तापेऱ्याला मिळते. घराघरांतला पंखा त्या जनित्राच्या गतीनं फिरतो. भरतीला ती विळीवर नारळ खवत बसलेली असली, की कधीतरी पंख्याचा सूर केसभर उतरतो. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. सून म्हणते, तुम्हाला भास होतात.

द्वारका त्या वेळी खवणं थांबवते. हात विळीवरून उचलून मोकळा धरते आणि ओठांतल्या ओठांत म्हणते:

*सोडिला मी खुंटा*
*धर गं जाऊबाई,*
*माझ्या ओवीपुढं*
*तुझी ओवी येई.*

मग पंख्याचा सूर पुन्हा उचलला जातो, आणि ती खवायला लागते.